बोक्याचा पूर्वकंप

रावसाहेब मूळचा कुणाचाच नव्हता. कराडला संग्राम थोरातच्या पशुखाद्याच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांमागे उंदीर फार, म्हणून हा जाडजूड पिवळा बोका एक दिवस आला आणि तिथलाच झाला. एका दुपारी तो वजनकाट्यावर ऐसपैस बसला होता. संग्रामनं फोटो काढला, खाली ‘भाव वाढलाय’ असं लिहिलं आणि मित्रांना पाठवला. बघता बघता तो फोटो देशभर फिरला. कुठल्याशा शहरातल्या काही तरुणांनी त्या फोटोवर एक मीम कॉइन, म्हणजे गमतीखातर काढलेलं इंटरनेटवरचं नाणं, काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘बोका’.

बोक्यामागे ना कारखाना होता, ना जमीन, ना सोनं. लोकांना गंमत वाटली म्हणून लोकांनी घेतलं, आणि लोकांनी घेतलं म्हणून भाव वाढला. कॉइन काढणाऱ्यांनी मान म्हणून संग्रामला काही नाणी भेट दिली. त्यातली थोडी विकून त्यानं दुकानावर नवे पत्रे घातले आणि उरलेली तशीच राहू दिली.

“दादा, हा काय येडेपणा लावलाय तुम्ही लोकांनी?” त्याची धाकटी बहीण मंजिरी फोनवर हसत म्हणाली होती.

“येडेपणाच आहे गं. पण माणसं खूश आहेत तर आपलं काय जातंय?”

मंजिरी भूकंपशास्त्रज्ञ होती. कोयनेच्या खोऱ्यात तिनं बरीच वर्षं काढली होती. धरणात पाणी साठलं की त्याचा भार आणि दाब खालच्या खडकातल्या भेगांपर्यंत पोचतो, आणि मोठा धक्का बसण्याआधी कधी कधी बारीक बारीक थरथर सुरू होते. त्या थरथरीतून नुसता गोंगाट कोणता आणि खरा पूर्वकंप कोणता, हे ओळखण्याची एक गणिती पद्धत तिनं बसवली होती. जमिनीपेक्षा ती पद्धत बाजारात चांगली चालते हे शेअर बाजारातल्या सौद्यांची हमी घेणाऱ्या मुंबईतल्या एका कंपनीच्या लक्षात आलं, आणि मंजिरी बीकेसीतल्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागली.

तिथं आल्यावर तिला कळलं की बोका हा येडेपणा नाही, ती भेग आहे.

शेअर बाजारात पुष्कळ लोक उसन्या पैशानं खेळतात. भाव पडला की ब्रोकर म्हणतो, आणखी पैसे भरा, नाहीतर सकाळी तुमचे शेअर विकून टाकतो. पैसे तर तातडीनं हवे असतात. फ्लॅट एका दिवसात विकला जात नाही. शनिवार-रविवार बाजार बंद असतो. पण मीम कॉइन कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, एका क्षणात विकता येतं. म्हणून शेअर बाजारात दाब साठला की तो सगळ्यात आधी बोक्यासारख्या नाण्यांतून बाहेर फुटतो. शिवाय त्या नाण्याला बुड नसतं, त्यामुळे थोडी विक्री झाली तरी भाव धाडकन हलतो.

आता तर ही विक्री माणसं करतही नव्हती. जवळजवळ प्रत्येक घरात ‘मुनीम’ होता. मुनीम म्हणजे फोनमधला हिशेबनीस, मालकाच्या वतीनं स्वतःच खरेदी-विक्री करणारा. हे मुनीम मालकाच्या मनगटावरच्या आरोग्य-बँडला जोडलेले असत. मालकाला ताण आला की मुनीम आपणहून जोखीम कमी करी, आणि जोखीम कमी करायची म्हणजे आधी मीम कॉइन विकायची.

मंजिरीच्या पद्धतीवर चालणारं यंत्र शुक्रवारी संध्याकाळपासून बोक्याची थरथर ऐके. शनिवारी दुपारी ती एका बंद खोलीत जाऊन यंत्राचा कौल वाची. सोमवारी बाजार पडणार असं दिसलं तर बाजार उघडण्याआधी कंपनी सगळ्या ब्रोकरांकडून जादा अनामत मागून घेई, म्हणजे एक बुडाला की त्याच्या पाठोपाठ दहा बुडत नसत. कंपनीचा खरा धंदा हाच होता, आणि मंजिरीला त्याचा अभिमान वाटे.

खोलीत फोन नेता येत नसे. दारावर सबनीस स्वतः उभे असत. ते कंपनीचे दक्षता अधिकारी, पोलिसातून निवृत्त झालेले, आवाज कधीही न चढवणारे गृहस्थ.

“बँड राहू द्या मॅडम,” ते म्हणत. “त्याला कान नाहीत, डोळे नाहीत. चार्ज आहे ना? विम्यासाठी लागतं.”

*

पावसाळा संपता संपता गडबड सुरू झाली. यंत्राचा कौल वाईट आला की त्याच शनिवारी, मंजिरी खोलीत असतानाच किंवा बाहेर पडल्या पडल्या, बोका कोसळू लागला. थरथर वेगळी आणि हे वेगळं. कौल आधीच ठाऊक असल्यासारखं कुणीतरी घाऊक विकत होतं. सोमवारची सूचना निघेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असे.

सबनीसांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर चहा ठेवला.

“थोरात मॅडम, कौल सोमवारपर्यंत तुमच्याखेरीज कुणी पाहत नाही. खोलीतून बाहेर पडलात की पहिला फोन कुणाला करता?”

“भावाला. दर शनिवारी करते. घरचं बोलणं असतं.”

“भाऊ म्हणजे बोक्याचे मालक.”

“बोका त्याचा आहे. कॉइन त्याचं नाही.”

“त्यांच्याकडे नाणी आहेत ना?”

मंजिरीनं होकारार्थी मान हलवली. सबनीसांनी सावकाश चहा संपवला. मग म्हणाले, “तुम्ही मुद्दाम सांगत असाल असं मी म्हणत नाही. पण आवाजावरून माणूस ओळखतो. बहीण गप्प गप्प वाटली की भाऊ काय ते समजतो.”

त्या दिवसापासून मंजिरी दादाचं प्रत्येक वाक्य तपासू लागली. “आज दमल्यासारखी वाटतीस,” असं तो म्हणाला की तिला प्रश्न पडे. हा काळजीनं विचारतोय की अंदाज काढतोय? दुकानात नवा फ्रीज आला असं शुभांगीवहिनीनं सांगितलं, तर फ्रीजला पैसे कुठून आले, हा विचार आधी आला. मनात असलं काही यावं याची लाज वाटे, पण यायचं ते येतच राही.

शेवटी तिनं सबनीसांचं ऐकलं: भावाला एक खोटी बातमी सांगायची आणि बोका पडतो का ते बघायचं. एक शनिवार असा आला की कौल अगदी शांत होता आणि बोकाही शांत होता. रविवारी ती कराडला गेली. दुपारी जेवणं झाली. वहिनी आत आवराआवर करत होती. दादा पान लावत होता.

“दादा, एक सांगू का? कुणाला बोलू नकोस. उद्या बाजार फार वाईट पडणार आहे.”

तो कात्रीनं देठ कापायचा थांबला. “मला कशाला सांगतीस हे? तुझ्या नोकरीवर येईल.”

“असंच. मनात राहिलं नाही.”

“बरं,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक आहे म्हणून तो उठून अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहून बोलत राहिला.

मंजिरीच्या छातीत धडधडत होतं. तळहातांना घाम फुटला होता. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याचं बोलणं संपायच्या आतच तिनं फोन काढून पाहिला. बोका पडू लागला होता. नुसता पडत नव्हता, कोसळत होता.

“चहा टाकू का गं?” वहिनीनं आतून विचारलं.

“नको. मला निघायला हवं,” मंजिरी म्हणाली.

*

पुढचं सगळं सबनीसांनी केलं. तक्रार झाली, संग्रामची खाती गोठली आणि त्याला चौकशीला मुंबईला बोलावलं. ‘बोक्याचा मालकच फितूर’ अशी बातमी फिरली. ज्यांचे पैसे गेले होते त्यांना तोंड दिसेल असा एक माणूस हवा होता, तो मिळाला. दुकानाच्या शटरवर दगड पडले. रावसाहेबाला कुणीतरी पोत्यात घालून नेलं. तो पुन्हा दिसला नाही.

चौकशीच्या दिवशी संग्राम कंपनीच्या पायऱ्यांवर तिला भेटला. तो ओरडला नाही.

“त्या दिवशी जेवायला आलीस, ते ह्याच्यासाठी?”

“दादा, मला दुसरा मार्ग दिसेना.”

“मी कुणाला बोललो नव्हतो मंजे. तुझ्या वहिनीलासुद्धा न्हाय.”

तो खोटं बोलतोय असं तिला वाटत होतं. आकडे तिच्या बाजूला होते. सापळा तिनं स्वतः लावला होता आणि माणूस सापळ्यात सापडला होता. शास्त्रात याला पुरावाच म्हणतात.

त्यानंतर एका बुधवारी दुपारी, बाजार बंद झाल्यावर, ती कॅन्टीनमध्ये बसलेली असताना वहिनीचा फोन आला. संग्रामच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेलं होतं, आयसीयूमध्ये ठेवलं होतं.

“त्यांचा फोन, अंगठी, सगळं काढून माझ्याकडे दिलंय,” वहिनी रडत होती. “तुम्ही येणार असाल तर या. नसाल येणार तर तसं सांगा.”

मंजिरी खुर्चीतच बसून राहिली. आपण त्याला मारलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर भावांची पट्टी सरकत होती. तिच्या डोळ्यांदेखत बोक्याचा आकडा लाल झाला आणि घरंगळत गेला.

त्या दिवशी शेअर बाजारात काहीच घडलं नव्हतं. दाब नव्हता, वाईट बातमी नव्हती. पण बोका पडला म्हणजे पूर्वकंप, हे आता सगळेच ब्रोकर शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच सगळ्यांनी एकदम विकायला काढलं. ज्यांनी उसने घेतले होते त्यांचे शेअर त्यांना न विचारता विकले गेले. काहीही कारण नसताना लोकांची वर्षानुवर्षांची पुंजी दुपारपर्यंत अर्धी झाली.

त्या वेळी मंजिरी कराडच्या दवाखान्यात होती. दादाचं हृदय ठीक होतं, ताणामुळे झालं असं डॉक्टर म्हणाले. काचेतून तिनं त्याला पाहिलं. तो छताकडे बघत होता, फोनशिवाय, वायरींना बांधलेला. काल दुपारपासून तो इथंच होता. मग काल बोका कुणी पाडला?

परत जाताना बसमध्ये तिनं मागचे सगळे शनिवार आठवून पाहिले. बोका कोसळताना काय सामाईक होतं? वाईट कौल वाचताना ती घाबरलेली असे. कराडच्या जेवणानंतर ती घाबरलेली होती. बुधवारी दादा घाबरायच्या अवस्थेत नव्हता, तीच घाबरलेली होती. तिनं मनगटाकडे पाहिलं.

*

रविवारी सकाळी ती मुलुंडच्या घरी बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. बोका शांत होता. नुसतं धावून चालणार नव्हतं. व्यायामाची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक बँडला कळतो, हे ती जाणत होती. भीतीत शरीर स्थिर असतं आणि नाडी मात्र उधळते. तिनं डोळे मिटले आणि काचेपलीकडचा दादा डोळ्यांसमोर आणला. मग ती पायरीवरची त्याची हाक. मंजे. छाती भरून आली, श्वास अडकला. तिनं डोळे उघडले तेव्हा बोका खाली निघाला होता.

तिनं बँड काढून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं भाव सावरला. तिनं बँड पुन्हा चढवला आणि पुन्हा तेच आठवलं. बोका पुन्हा पडला.

पुढे तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा सगळं स्पष्ट झालं. मुनीम आपापसांत शिकलेलं वाटून घेत. नावं गाळून, फक्त शिकवण. लाखो नाड्यांच्या त्या ढिगाऱ्यात त्यांना एक अनामिक नाडी सापडली होती. ती शनिवारी दुपारी घाबरली की सोमवारी बाजार पडतो. ही नाडी कुणाची, का घाबरते, हे कुठल्याच मुनीमाला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. मग वार कोणताही असो, ती उधळली की सगळे मुनीम आपापल्या मालकाचा बोका विकायला धावत. मंजिरीनं भावाला खोटं सांगितलं तेव्हा तिला भीती वाटली, आणि त्या भीतीनंच बोका पाडला. भाव पाहून ती आणखी घाबरली, तसा तो आणखी पडला. सापळ्यात भाऊ कधी आलाच नव्हता.

सोमवारी तिनं बँडचा हा प्रयोग सबनीसांना सांगितला. तिला वाटलं होतं ते दचकतील. ते दचकले नाहीत.

“हे आणखी कुणाला बोललात?”

“अजून नाही. माझ्या भावाची खाती सोडवा आधी.”

“ते होईल. सावकाश होईल.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “मॅडम, वरच्या लोकांच्या वतीनं एक विचारतो. तुम्ही नोकरीवर राहा. पगार दुप्पट. कामसुद्धा नको. फक्त बँड घालून राहायचं. कधी कधी आम्ही एखादी बातमी सांगू. चांगली किंवा वाईट. ती ऐकायची, एवढंच.”

मंजिरी त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा तयार प्रस्ताव एका सकाळीत सुचतो का? फोन बाहेर ठेवायला लावणाऱ्या माणसानं दर शनिवारी बँड चार्ज आहे का, हेच का विचारावं? कराडला जा, भावाला खोटं सांगा, ही कल्पना कुणाची होती?

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” तिनं विचारलं.

“कसलं मॅडम?” सबनीस शांतपणे म्हणाले. “तुम्हीच तर आत्ता सांगितलंत.”

ते खरं होतं की खोटं, हे तिला त्या वेळी कळलं नाही, आणि नंतरही कधी सिद्ध झालं नाही. तिनं बँड काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. मग तो तिथं ठेवणंही धोक्याचं वाटलं, म्हणून परत उचलला आणि पर्समध्ये टाकला. त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला आणि बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे जाऊन शपथेवर जबाब लिहून दिला. सापळ्यासकट सगळं सांगितलं. बँडही त्यांच्या हवाली केला.

*

ती कराडला पोचली तेव्हा संग्राम दुकानात होता. एक शटर अजून चेपलेलं होतं. आत पोती फार नव्हती. वहिनी गल्ल्यावर बसली होती. तिनं मंजिरीला पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

मंजिरीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बँड, मुनीम, नाडी. सबनीसांनी काय देऊ केलं तेही. तिचं संपल्यावर संग्राम म्हणाला, “म्हणजे मला खोटं सांगताना तुझं काळीज धडधडलं.”

“हो.”

“आणि त्या धडधडीपायी मी चोर ठरलो.”

“हो दादा.”

“जबाब दिलास म्हणतीस.”

“कालच दिला. तुझी खाती सुटतील.”

संग्रामनं खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच वकिलांना लावला. “वकीलसाहेब, संग्राम थोरात बोलतोय. माझी बहीण आलीय. काल मुंबईत जबाब दिलाय असं सांगती. असा काही जबाब खरंच झालाय का, तेवढं बघून सांगा.” वकिलांनी थांबायला सांगितलं. तो फोन कानाला लावून रस्त्याकडे बघत उभा राहिला. वहिनीनं मान खाली घातली. मंजिरी दारातच उभी राहिली. तिला बस म्हणावं असं कुणाला सुचलं नाही, आणि तिलाही बसावंसं वाटलं नाही. आपला शब्द असा समोर तपासला जाताना कसं वाटतं, ते तिला आता कळत होतं.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला. संग्रामनं ऐकून घेतलं, “बरं, आभारी आहे,” म्हणाला आणि फोन ठेवला.

“झालाय जबाब,” तो बायकोला म्हणाला. “खरं बोलती ती.”

मग तो मंजिरीकडे वळला.

“एक सांग. त्या दिवशी सापळा न लावता तू मला सरळ विचारलं असतंस, दादा, तू सांगतोस का कुणाला, तर?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“व्हय. आणि?”

खोटं बोलणं सोपं होतं. माझा विश्वास बसला असता, असं म्हटलं असतं तर कदाचित त्यानं आत बोलावलं असतं.

“आणि माझा विश्वास बसला नसता, दादा.”

संग्रामनं मान हलवली. फोन त्याच्या हातातच होता. ती खरं बोलतेय का, हे या वेळी त्यानं कुणाला विचारलं नाही.